रंगीत व्यस्त प्रतींतील फिकेपणा

रंगीत फिल्मवर छायाचित्रे घेतल्यानंतर तिच्यावर रासायनिक संस्कार करून जी व्यस्त प्रत, म्हणजे निगेटिव्ह, मिळते तिच्यातील रंग अपेक्षेपेक्षा क्षीण, मळकट किंवा विटलेले दिसणे, या दोषाचा विचार येथे केला आहे. व्यावसायिक प्रयोगशाळांत यंत्राच्या साहाय्याने संस्करण होत असल्याने हा दोष क्वचितच आढळतो. हौशी छायाचित्रकार घरी लहान टाकीत फिल्म धुतात, तेव्हा तापमान, वेळ व रसायनांची ताकद यांवर तितके काटेकोर नियंत्रण राहत नाही आणि फिकेपणा वारंवार अनुभवास येतो. दिसण्यात सारख्या वाटणाऱ्या या दोषाचे तीन भिन्न प्रकार आहेत : (१) रंजक मुळातच पुरेसे तयार न होणे, (२) तयार झालेले रंजक उरलेल्या चांदीने झाकले जाणे किंवा वर्णहीन रूपात राहणे आणि (३) नीट तयार झालेले रंजक पुढे काळाच्या ओघात नष्ट होणे. यांपैकी पहिला व तिसरा प्रकार रासायनिक उपायांनी दुरुस्त होत नाही. दुसरा मात्र बहुतेक वेळा पूर्णपणे दुरुस्त होतो आणि तोही फिल्म धुतल्यावर कित्येक दिवसांनी. व्यस्त प्रत ही त्या प्रसंगाची एकमेव मूळ नोंद असते. म्हणून ती निकामी ठरवून टाकून देण्यापूर्वी दोष कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरविणे महत्त्वाचे असते.

रंगनिर्मितीची क्रिया : रंगीत फिल्मच्या पारदर्शक आधारावर जिलेटिनयुक्त पायसाचे अनेक पातळ थर दिलेले असतात. सर्वांत वरचा थर निळ्या, मधला हिरव्या व तळचा तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असतो. वरच्या थराखाली पिवळ्या गाळणीचा थर असतो. तो खालच्या थरांपर्यंत निळा प्रकाश पोहोचू देत नाही. प्रत्येक संवेदनशील थरात सिल्व्हर हॅलाइडाच्या सूक्ष्म कणांबरोबर युग्मक नावाचे कार्बनी संयुग मिसळलेले असते. ज्या कणांवर प्रकाश पडलेला असतो त्यांचे विकासक (डेव्हलपर म्हणून परिचित असलेला विद्राव) क्षपण करतो. या क्रियेत कणांची धातुरूप चांदी बनते व विकासकाचे ऑक्सिडीभवन होते. ऑक्सिडीभूत विकासकाचा लगतच्या युग्मकाशी संयोग होऊन रंजक निर्माण होते. वरच्या थरात पिवळे, मधल्या थरात किरमिजी आणि तळच्या थरात हिरवट निळे रंजक तयार होते. याचा अर्थ असा की, जेथे जितकी चांदी बनते तेथे साधारणपणे तितक्या प्रमाणात रंजक बनते. रंजक तयार झाल्यावर चांदीचे कार्य संपते व ती पुढील विद्रावांत काढून टाकावी लागते. अखेरीस फिल्मवर केवळ रंजकांची प्रतिमा उरते.

या तत्त्वाचे एकस्व जर्मन रसायनशास्त्रज्ञ रूडोल्फ फिशर यांनी १९१२ च्या सुमारास घेतले. तथापि युग्मके आपापल्या थरांत स्थिर ठेवण्याची अडचण सुटेपर्यंत ते व्यवहारात येऊ शकले नाही. ईस्टमन कोडॅक कंपनीची कोडाकलर ही छापील प्रतींसाठीची व्यस्त फिल्म १९४२ मध्ये बाजारात आली. रंजके आदर्श नसतात. किरमिजी रंजक हिरव्याबरोबर थोडा निळा प्रकाशही शोषते आणि त्यामुळे छापील प्रतीतील रंग मळतात. हा दोष भरून काढण्यासाठी काही युग्मके मुळातच रंगीत ठेवण्याची योजना याच कंपनीतील वेस्ली टी. हॅन्सन यांनी मांडली. व्यस्त प्रतीच्या पार्श्वभूमीचा नारिंगी रंग हा या योजनेचा परिणाम होय. नवख्या छायाचित्रकाराला या नारिंगी पडद्यामुळे सर्वच रंग फिके वाटतात. परंतु तो दोष नसून रंगशुद्धीचा उपाय आहे.

संस्करणाचा क्रम : सध्या प्रचलित असलेली सी-४१ ही प्रक्रिया ईस्टमन कोडॅकने १९७२ मध्ये आणली. इतर उत्पादकांनीही तिच्याशी सुसंगत प्रक्रिया स्वीकारल्या. फुजी कंपनीची सीएन-१६ ही त्यांपैकी एक होय. तीत विकासकाचे तापमान ३७.८° से. (१००° फॅ.) आणि काल ३ मिनिटे १५ सेकंद असा ठरलेला आहे. तापमानातील अनुज्ञेय चढउतार केवळ ०.१५° से. इतका आहे. त्यानंतर ब्लीच ६ मिनिटे ३० सेकंद, पाण्याने धुणे, फिक्सर ६ मिनिटे ३० सेकंद, पुन्हा धुणे व शेवटी स्टॅबिलायझर असा मूळ क्रम आहे. ब्लीचमधील लोहाचे संयुग चांदीचे ऑक्सिडीभवन करून तिचे सिल्व्हर ब्रोमाइडात रूपांतर करते. फिक्सरमधील अमोनियम थायोसल्फेट हे सिल्व्हर ब्रोमाइड आणि विकसित न झालेले सिल्व्हर हॅलाइड विरघळवून काढते. घरगुती वापराच्या अनेक संचांत ब्लीच व फिक्सर एकाच विद्रावात एकत्र केलेले असतात. त्याला ब्लिक्स म्हणतात. ब्लिक्समुळे एक पायरी वाचते. पण ते स्वतंत्र ब्लीचपेक्षा मंद असते व लवकर दुर्बल होते. घरगुती फिकेपणाच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ येथेच असते.

निदान : व्यस्त प्रत प्रथम पांढऱ्या, समान प्रकाशाच्या पृष्ठभागावर ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहावी. या परीक्षेत दोन भाग विशेष उपयोगी पडतात. फिल्मच्या कडेला तिचे नाव व चौकटींचे क्रमांक असतात. हे कारखान्यातच प्रकाशाने उमटविलेले असल्यामुळे कॅमेऱ्यातील चुकांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. दुसरा भाग म्हणजे ३५ मिमी. फिल्मची सुरुवातीची जीभ. कॅमेऱ्यात फिल्म भरताना तिच्यावर भरपूर प्रकाश पडलेला असतो. म्हणून योग्य विकसनानंतर ती जवळजवळ अपारदर्शक गडद दिसली पाहिजे. कडेची अक्षरे ठसठशीत व जीभ गडद असून फक्त चौकटी विरळ असतील, तर दोष उद्भासनाचा, म्हणजे चित्र घेताना फिल्मवर कमी प्रकाश पडल्याचा आहे. अक्षरे, जीभ व चौकटी ही तिन्ही विरळ असतील, तर विकसन अपुरे झाले आहे. अक्षरे गडद असूनही सर्व चित्र मळकट, करडे व जड वाटत असेल, तर चांदी उरल्याचा संशय घ्यावा. फिल्म दुधाळ दिसत असल्यास स्थिरीकरण अपुरे असते. फिल्म पूर्णपणे स्वच्छ असून कडेची अक्षरेही नाहीशी झालेली असतील, तर विकासकाच्या आधी ब्लिक्स किंवा फिक्सर ओतला गेला असण्याचा, अथवा विकासक पूर्णपणे निष्क्रिय असण्याचा संभव असतो. अशा फिल्मवरून काहीही परत मिळत नाही. याउलट अक्षरे व्यवस्थित आहेत पण एकही चौकट उमटलेली नाही, तर फिल्म कॅमेऱ्यातून पुढे सरकलीच नव्हती, असे समजावे.

अपुरे उद्भासन व जुनी फिल्म : कमी प्रकाश मिळालेल्या चौकटींत छायेच्या भागांत सुप्त प्रतिमाच तयार झालेली नसते. त्यामुळे तेथे विकासकाला काम करण्यास काही उरत नाही. मुदत उलटलेल्या किंवा उष्ण जागी ठेवलेल्या फिल्मची संवेदनशीलता घटते आणि प्रकाश न पडलेले कणही विकसित होऊन सर्वत्र धूसर आवरण चढते. तिन्ही थर सारख्या गतीने जुने होत नाहीत; म्हणून छायेत एक झाक व उजळ भागात दुसरी झाक असा विसंवाद निर्माण होतो. तो एका गाळणीने दूर होत नाही. कोकण किनारपट्टीसारख्या उष्ण व दमट प्रदेशात न वापरलेली फिल्म बंद डब्यात घालून शीतकपाटात ठेवणे व चित्रे घेतल्यावर ती विलंब न लावता धुणे हिताचे असते.

विकसनातील न्यूनता : विकासक पायसात वरून खाली झिरपत जातो. त्यामुळे वेळ किंवा तापमान कमी पडले, तर वरचा पिवळ्या रंजकाचा थर आणि तळचा हिरवट निळ्या रंजकाचा थर यांना सारखा न्याय मिळत नाही. घनता घटते, उजळ व गडद भागांतील अंतर कमी होते आणि रंगांचा समतोलही ढळतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मपेक्षा येथे चूक अधिक जाचते, याचे कारण हेच होय. घरातील सर्वांत सामान्य चूक बाटलीतील तापमान मोजून टाकीतील तापमान गृहीत धरण्याची असते. विकासक ३८° से. असला, तरी थंड टाकी, थंड चक्र व फिल्म यांना स्पर्श होताच तो दोन-तीन अंशांनी उतरू शकतो. म्हणून टाकी आधीपासून कोमट पाण्यात ठेवतात, फिल्म त्याच तापमानाच्या पाण्याने एकदा भिजवितात आणि विकसन चालू असताना टाकी जलस्नानात ठेवतात. तापमापक पारखून घेणेही आवश्यक असते. ३७.८° से. म्हणजे तापाचा उंबरठा असल्याने घरातील ताप मोजण्याचा अंकीय तापमापक या पडताळणीस उत्तम ठरतो.

दुसरे कारण विकासकाची दुर्बलता हे होय. त्यातील सीडी-४ हे विकासक द्रव्य हवेतील ऑक्सिजनाने निकामी होते. अर्धवट भरलेल्या बाटलीत ही क्रिया वेगाने होते. विद्राव चहासारखा गडद झाला असल्यास तो वापरू नये. रंगीत विकासकात सल्फाइटाचे प्रमाण मुद्दाम अल्प ठेवलेले असते. सल्फाइट विद्रावाला हवेपासून वाचविते. परंतु ते ऑक्सिडीभूत विकासकालाही युग्मकाआधीच गाठते व त्यामुळे चांदी बनूनही रंजक कमी बनते. म्हणून विकासक टिकावा या हेतूने त्यात अंदाजाने सल्फाइट घालणे, किंवा फिक्सरचे थेंब त्यात पडू देणे, हा फिकेपणाला थेट निमंत्रण देणारा प्रकार आहे. प्रत्येक फिल्मबरोबर विकासक क्षीण होत जात असल्याने उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे पुढील फिल्मांना थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. ठरलेल्या संख्येपलीकडे तोच विद्राव वापरणे ही काटकसर महागात पडते.

अपुऱ्या विकसनामुळे जे रंजक बनलेच नाही, ते फिक्सर झाल्यानंतर कोणत्याही उपायाने निर्माण करता येत नाही, कारण मूळ सिल्व्हर हॅलाइड विरघळून गेलेले असते. चुकून काळ्या-पांढऱ्या विकासकात धुतलेल्या रंगीत फिल्मची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्यावर रंजक नसले, तरी चांदीची प्रतिमा व युग्मके असतात. ती चांदी ब्लीचने पुन्हा सिल्व्हर ब्रोमाइडात रूपांतरित करून, फिल्मवर प्रकाश पाडून व रंगीत विकासक वापरून काही प्रमाणात रंग मिळविता येतात.

उरलेली चांदी : ब्लीच किंवा ब्लिक्स दुर्बल, थंड अथवा अपुरा वेळ मिळालेला असेल, तर रंजकांबरोबर काळी चांदी शिल्लक राहते. अशी व्यस्त प्रत नेहमीपेक्षा जड असते. पण तिच्यापासून काढलेल्या छापात रंग मंद, कण भरड व छायाप्रकाशातील भेद तीव्र दिसतो. चित्रपटनिर्मितीत हा परिणाम कधीकधी हेतुपुरस्सर साधला जातो. घरी मात्र तो अनवधानाने घडतो व रंग उडाले, असा समज होतो. प्रत्यक्षात रंग जागेवरच असतात. ते झाकलेले असतात, इतकेच. रंजके अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असतात, चांदी मात्र अपारदर्शक असते. त्यामुळे अवरक्त किरणांनी धूळ ओळखणाऱ्या स्कॅनरची ती सोय एखाद्या रंगीत फिल्मवर विचित्र परिणाम देऊ लागली, तर तेही उरलेल्या चांदीचे सूचक असते. खात्री करण्यासाठी फिल्मच्या टोकाचा निरुपयोगी तुकडा ताज्या ब्लीचमध्ये व नंतर फिक्सरमध्ये ठेवून मूळ फिल्मशी ताडून पाहतात. तो अधिक स्वच्छ व रंगीत झाल्यास सबंध फिल्म पाण्यात भिजवून तिच्यावर ब्लीच, धुणे, फिक्सर, धुणे व स्टॅबिलायझर हे संस्कार पुन्हा करतात. हे काम दिवसाच्या उजेडात करता येते. ब्लीच व फिक्सर यांच्या क्रिया पूर्णत्वास गेल्या की आपोआप थांबतात. म्हणून त्यांना वाजवी प्रमाणात अधिक वेळ देण्यात धोका नसतो. विकासकाच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही.

हिरवट निळ्या रंजकाचे वर्णहीन रूप : ब्लीच दमलेले असेल, किंवा त्यात विकासकाचा अंश फार मिसळला असेल, तर हिरवट निळ्या रंजकाचा काही भाग क्षपण होऊन वर्णहीन अवस्थेत राहतो. व्यस्त प्रत तांबूस दिसते, छापाच्या उजळ भागांत हिरवट निळी झाक येते व तांबडे रंग निस्तेज होतात. हे रंजक नष्ट झालेले नसल्याने ताज्या व समर्थ ब्लीचमध्ये फिल्म पुन्हा ठेवली असता त्याचा रंग परत येतो. वापरामुळे ब्लीचमधील लोह फेरस अवस्थेत जाते. स्वतंत्र ब्लीच हवेत चांगले घुसळल्यास ते पुन्हा फेरिक होऊन विद्राव सतेज होतो. ब्लिक्सला मात्र हा उपाय नीट लागू पडत नाही, कारण हवेमुळे त्यातील थायोसल्फेट व सल्फाइट यांचाही ऱ्हास होतो. विकासकानंतर सौम्य ॲसेटिक अम्लाचे स्नान किंवा पाण्याने चांगली धुलाई केल्यास विकासकाचा अंश पुढे जात नाही.

फिल्म व प्रक्रिया यांची विसंगती : चित्रपटासाठी बनविलेल्या व्यस्त फिल्मचे तुकडे स्थिर कॅमेऱ्यासाठी वापरण्याची पद्धत अलीकडे हौशी मंडळींत रूढ झाली आहे. या फिल्मांसाठी ईसीएन-२ ही प्रक्रिया व सीडी-३ हे वेगळे विकासक द्रव्य योजलेले आहे. त्या सी-४१ विकासकात धुतल्यास प्रतिमा मिळते. परंतु निराळ्या विकासक द्रव्यापासून निराळे रंजक बनत असल्यामुळे रंगांचा तोल बदलतो आणि अपेक्षित टिकाऊपणाची हमी राहत नाही. असे दोष विद्रावांच्या माथी मारण्यापूर्वी फिल्म कोणत्या प्रक्रियेची आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

अंकीय रूपांतरातील आभास : व्यस्त प्रत निर्दोष असूनही संगणकावरील चित्र फिके दिसू शकते. नारिंगी पार्श्वभूमी वजा न करता चित्र उलटविले, स्कॅनरने आपणहून उजळपणा ठरविला किंवा फिल्मच्या भोवतालचा मोकळा प्रकाश भिंगात शिरला, तर रंग धुऊन निघाल्यासारखे भासतात. कोरी कडा हा आधार धरून तिन्ही रंगांची पातळी वेगवेगळी जुळविल्यास हा आभास दूर होतो. एखादी जुनी, व्यवस्थित धुतलेली व्यस्त प्रत त्याच पद्धतीने स्कॅन करून तुलना केल्यास दोष फिल्मचा की रूपांतराचा, याचा निर्णय ताबडतोब होतो.

धुतल्यानंतरचा ऱ्हास : रंगीत प्रतिमा कार्बनी रंजकांची असल्याने ती चांदीच्या प्रतिमेइतकी चिरस्थायी नसते. प्रकाशात तर ती विटतेच. पण अंधारातही उष्णता व आर्द्रता यांमुळे हळूहळू क्षीण होते. जुन्या फिल्मांत उरलेले किरमिजी युग्मक रंजकाचा नाश घडवीत असे. त्याला निष्प्रभ करण्यासाठी स्टॅबिलायझरमध्ये फॉर्माल्डिहाइड घालीत. हे शेवटचे स्नान टाळलेल्या जुन्या व्यस्त प्रती म्हणूनच लवकर विटलेल्या आढळतात. अलीकडच्या फिल्मांतील युग्मके अधिक स्थिर असल्याने फॉर्माल्डिहाइडाची गरज उरलेली नाही. तरीही बुरशी व जंतू यांपासून जिलेटिनाचे रक्षण करण्यासाठी शेवटचे स्नान वगळू नये. अपुऱ्या धुलाईमुळे मागे राहिलेले थायोसल्फेटही प्रतिमेला अपायकारक ठरते. व्यस्त प्रती पॉलिव्हिनिल क्लोराइडाच्या पाकिटांत न ठेवता पॉलिप्रोपिलीन, पॉलिएस्टर किंवा अम्लरहित कागद यांच्या पाकिटांत, थंड व कोरड्या जागी ठेवाव्या. पावसाळ्यात आर्द्रताशोषक द्रव्यासह हवाबंद डबा वापरणे श्रेयस्कर असते. एकदा नष्ट झालेले रंजक परत येत नाही. तथापि प्रत्येक थरात काही भेद शिल्लक असेपर्यंत संगणकाच्या साहाय्याने छापील प्रतीतील रंग बऱ्याच अंशी सावरता येतात. म्हणून महत्त्वाच्या व्यस्त प्रतींचे अंकीय रूपांतर लवकर करून ठेवणे इष्ट असते.

प्रतिबंध व दक्षता : प्रत्येक विद्राव तयार केल्याची तारीख आणि त्यात धुतलेल्या फिल्मांची संख्या बाटलीवर लिहावी. विकासक लहान, काठोकाठ भरलेल्या बाटल्यांत ठेवावा. मापपात्रे व झाकणे विद्रावागणिक वेगळी असावी. प्रयोगशाळांत यासाठी पूर्वप्रकाशित नियंत्रण पट्ट्या वापरतात. घरी त्याऐवजी एकाच प्रकाशात करड्या पत्र्याची काही चित्रे घेऊन त्या फिल्मचा थोडा थोडा भाग वेळोवेळी धुतल्यास विद्रावाची ताकद केव्हा उतरू लागली, हे कळते. शंकास्पद विद्रावाची कसोटी आधी अशा तुकड्यावर घ्यावी. विकासक द्रव्यामुळे त्वचेला संवेदनशीलता येते व फॉर्माल्डिहाइड हे कर्करोगकारक आहे. म्हणून हातमोजे वापरावे, खोली हवेशीर ठेवावी आणि स्वयंपाकाची भांडी या कामी घेऊ नयेत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो गटारात ओतण्याऐवजी चांदी परत मिळविणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावा.